गुंड्याला लाथ बसलीच नाही

प्रिय माय,

रविवारी गुंड्याचा चौथा पिच्चर पाहिला. शेवटचा. तुझ्याशिवाय पाहिला, आणि आपल्या करमाडची अकरा पोरं सोबत घेऊन पाहिला. आज बुधवार आहे. तीन दिवस झाले, कंपनीत मशीनसमोर उभी राहते आणि डोळे भरून येतात. काल सुपरवायझरनं विचारलं, "मॅडम, घरी सगळं ठीक आहे ना?" आता त्याला काय सांगू? गाढवाच्या एका शिंगरापायी रडतेय म्हणू?

म्हणून तुला लिहायला बसले. शेंद्र्याच्या कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या रोज मनात लिहीत होते, आज कागदावर उतरवतेय. हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. आणि दुसरंही एक कारण आहे. तू जायच्या पंधरा दिवस आधी मी तुला एक थाप मारली होती. चांगली लांबलचक, तिखटमीठ लावलेली थाप. ती रविवारी भर थिएटरात उघडी पडली. कबुली द्यायची तर तुलाच द्यायला पाहिजे ना?

पण आधी जरा भांडू दे.

मुळात हे गुंड्याचं खूळ लावलं कुणी? मी का तू? पहिला भाग आला तेव्हा मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. दोन तिकिटं काढलेली आणि मैत्रिणीनं ऐनवेळी टांग दिली. म्हणून तुला म्हटलं, चल. तू केवढं नाक मुरडलंस!

"चित्रांचा पिच्चर? मी काय अंगणवाडीतलं लेकरू हाय का?"

"वीस वर्षं अंगणवाडीतच आहेस की तू," मी म्हणाले. "हजेरीपटावर नाव तेवढं नाही."

आलीस कुरकुरत. आणि मध्यंतर व्हायच्या आत तू खुर्चीच्या टोकावर! मीठ वाहून नेणाऱ्या गाढवांचा तांडा, वाळवंटात उठलेलं वादळ, आणि त्या वादळात आईपासून तुटलेलं एक एवढंसं शिंगरू. हिंदीत त्याचं काहीतरी गोंडस नाव होतं. तुला ते पटलं नाही. "असलं कुठं नाव ऱ्हातं व्हय गाढवाचं?" म्हणालीस, आणि तिथल्या तिथं त्याचं नाव गुंड्या ठेवून मोकळी झालीस. त्याला सांभाळणारी ती लंगडी बगळी, तिला तू बगळेमामी केलंस. तेव्हापासून आपल्या घरात, आणि मग सगळ्या करमाडात, त्यांची नावं हीच.

आणि थिएटरात तुझं ते ओरडणं! गुंड्या दलदलीकडं निघाला की, "आरं तिकडं नगं जाऊ बाळा, फसशील!" पुढच्या रांगेतला टाय लावलेला माणूस मागं वळून बघायचा. मी लाजेनं अर्धी व्हायची. तुझा हात दाबून म्हणायची, माय, हळू, लोक बघतायत. तू म्हणायचीस, "बघू दे. त्यांचं लेकरू थोडंच फसायलंय?" मला तेव्हा त्या माणसाची लाज वाटायची, आता माझीच वाटते. तुला गप्प बसवायची सवय मला फार आधीपासूनची आहे, माय.

दुसरा भाग दोन-तीन वर्षांनी आला. त्यासाठी तू करमाडवरून सकाळच्या पहिल्या बसनं आलीस. पर्समध्ये फुटाणे भरून आणले होतेस. दारातल्या गार्डनं ते काढून घेतले, तर त्याच्याशी अशी भांडलीस की त्यानं शेवटी मूठभर तुझ्या हातात परत ठेवले. त्या भागात गुंड्या समुद्रापर्यंत जाऊन आला. आई काही सापडली नाही. येताना रिक्षात मला म्हणालीस, "सापडंल गं. इतक्या लवकर सापडली तर पुढचा पिच्चर कशाचा काढतील?"

तुला ते बरोबर कळायचं, कारण तू स्वतः त्याच धंद्यातली! अंगणवाडीत रोज चार वाजता गोष्ट सांगायचीस आणि शेवट यायच्या आत पुस्तक मिटल्यासारखी थांबायचीस. "उरलेली उद्या. जो येईल त्याला." पोरं धाय मोकलून रडायची, पण दुसऱ्या दिवशी झाडून सगळी हजर. तालुक्याच्या मॅडम विचारायच्या, तुमची हजेरी एवढी कशी हो? खिचडीमुळं, म्हणायचीस तू. खरं कारण कधी सांगितलं नाहीस.

आणि त्याचा त्रास कुणाला झाला? मला! पोटची पोरगी म्हणून काही सवलत नव्हती. पप्पा गेल्यावर आपण दोघीच राहिलो. पण शेजारी झोपलेल्या पोरीलासुद्धा तू गोष्टीचा शेवट सांगायची नाहीस. "उद्या. सगळ्यांसंग." मी चडफडायची. मग डोळे मिटून स्वतःच शेवट रचायची. राक्षस मेला, राजकन्या घरी आली, सगळ्यांनी पुरणपोळी खाल्ली. माझ्या शेवटात नेहमी सगळे जिवंत असायचे. तुझ्या शेवटात तसं काही नक्की नसायचं.

तिसरा भाग मात्र तुझ्यावर उलटला, हे कबूल कर! गुंड्याला वाटेत वाळूत आईच्या गळ्यातली घंटा सापडते. तुटलेल्या पट्ट्यासकट. ती तोंडात धरून तो धावत सुटतो. नदीपाशी येतो, पलीकडं तांडा दिसतो, आणि मधला झुलता पूल त्याच्या डोळ्यांदेखत कोसळतो. बस, पिच्चर संपला! दिवे लागले. मी तुझ्याकडं बघून खो खो हसले. म्हटलं, "आता कळलं का पोरांना काय वाटत असेल? उरलेली चार वर्षांनी, जो येईल त्याला!"

तू हसली नाहीस. बसमध्येही गप्प होतीस. मला वाटलं, मळमळतंय. खिडकीकडची जागा दिली तुला. मूर्ख मी.

मग चौथ्या भागाची वाट बघण्यात वर्षं गेली. तू निवृत्त झालीस. तरी चार वाजले की घराच्या ओट्यावर पोरं जमायचीच. आधी जी पोरं होती त्यांची पोरं. आणि मग तुझ्या पोटातली ती गाठ. मुकुंदवाडीला माझ्याकडं आणलं तुला, चार महिने दवाखान्याच्या चकरा झाल्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं तेव्हा मी आत येऊन तुला सांगितलं, "रिपोर्ट चांगले आहेत." तू म्हणालीस, "बरं झालं. मंग मला आता करमाडला सोड." मला त्यातही काही कळलं नाही.

करमाडच्या त्या शेवटच्या महिन्याबद्दल लिहायचं होतं, म्हणूनच एवढी पानं खरडली बहुतेक.

तू पलंगावर उशीला टेकून बसायचीस आणि म्हणायचीस, "प्रज्ञा, इकडं ये. बस जरा. माझ्यामागं..." आणि मी उठायची. "माय, चहा टाकते." तू पुन्हा हाक मारायचीस. "आगं, मी काय म्हणते, ह्या घराचं..." "थांब, दूध उतू जाईल." किती चहा पाजला गं मी तुला त्या महिन्यात! तुला तर दोन घोटसुद्धा जात नव्हते. कप तसाच गार व्हायचा, साय धरायची, मी तो उचलून न्यायची आणि नवा आणायची. एकदा तू वैतागून म्हणालीस, "किती च्या करशील?" मी म्हणाले, "तू बरी होईपर्यंत." काय बोलले मी ते, माय! कुणाला फसवत होते?

त्यातच चौथ्या भागाची झलक आली. मोबाईलवर दाखवली तुला. तुझे डोळे लकाकले. पुन्हा पुन्हा बघितलीस. मग विचारलंस, "भेटती का गं त्याला त्याची माय?"

पिच्चर दिवाळीच्या सुट्टीत येणार होता. तेव्हा जून चालू होता. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस मी बोटांवर मोजलेले होते, ते दिवाळीपर्यंत पोचत नव्हते. म्हणून मी तोंड उघडलं आणि थाप मारली. म्हटलं, परदेशात आधीच लागलाय, मी नेटवर सगळी गोष्ट वाचलीय.

"सांग मंग," तू म्हणालीस. "अन् समदी सांग. अर्धी नगं."

आणि मी सांगितली. नदीचा पूर ओसरतो. गुंड्या बगळेमामीला पाठीवर घेतो आणि पाण्यात उतरतो. पलीकडं तांडा थांबलेला असतो. त्यातून त्याची आई पुढं येते, त्याला कानापासून शेपटीपर्यंत हुंगते. सगळं वाळवंट श्वास रोखून उभं. आणि ती फाडकन एक लाथ हाणते! एवढा उशीर? कुठं होतास इतकी वर्षं? आणि मग त्याला चाटून चाटून ओला करते.

तू इतकी हसलीस की पोट धरून वाकलीस. दुखत असूनही हसत होतीस. "आता खरी माय शोभती," म्हणालीस. "आधी लाथ, मंग माया." मला एवढं बरं वाटलं होतं त्या दिवशी! वाटलं, चला, एक तरी गोष्ट मला तुझ्यासाठी नीट करता आली.

पण तू कसली सोडतेस? रोज संध्याकाळी उलटतपासणी. लाथ बसल्यावर गुंड्या रडला का? बगळेमामीला तांड्यात घेतलं का, का ती परत गेली? रात्री जेवायला काय केलं होतं? मी रचत गेले. बगळेमामीसाठी खास मासे आणले, असंही सांगितलं. गाढवांनी मासे कसे पकडले, हे तू विचारलं नाहीस. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं मी.

पंधरा दिवसांनी तू गेलीस. सकाळी, शांतपणे, माझा हात धरून. त्याही दिवशी मी तोंडानं म्हणतच होते, काही होत नाही तुला, काही होत नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, लोक जेवायला बसले, आणि पोरांचा एक घोळका माझ्यापुढं येऊन उभा राहिला. सगळ्यांच्या पुढं करुणा. आठवते ना, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची दहा वर्षांची पोरगी, जी तुला सारखी उलट प्रश्न विचारायची? तिनं सरळ सांगितलं, "ताई, बाई म्हणल्या व्हत्या, गुंड्याचा पिच्चर लागला की प्रज्ञा तुम्हाला नेईल." मला न विचारता पोरांना कबूल करून बसलीस! एक नाही, दोन नाही, अकरा पोरं! वरून तू त्यांना माझाच शेवट सांगून ठेवलेला. पाच वर्षांचा आयान मला विचारत होता, "लाथ पिच्चरमधी मोठी दिसती का बारकी?"

मी म्हटलं, मोठी. दुसरं काय म्हणणार?

मला कुठं माहीत होता खरा शेवट? पण मी स्वतःला समजावलं. लहान पोरांचा पिच्चर आहे, आई-लेकरू भेटणारच. लाथ नसेल, एवढंच. पोरांना सांगू, कापली.

तर रविवारी एक क्रूझर गाडी ठरवली आणि जालना रोडनं वरात निघाली. दोघांना उलट्या झाल्या. थिएटरात मी मधोमध बसले, एका बाजूला करुणा, दुसऱ्या बाजूला आयान, त्याच्या हातात त्याच्याएवढा पॉपकॉर्नचा डबा. आणि अंधार झाल्या झाल्या सगळी पोरं ओरडायला लागली. "गुंड्या, दगडावर पाय नगं ठिवू!" "मामी, मागं बघ!" सगळी तुझ्या शाळेतली! लोक वळून बघत होते. मी कुणालाही गप्प केलं नाही. मीही एकदा ओरडले.

आता सांगते काय झालं ते. समदं सांगते, अर्धं नाही.

गुंड्या नदी पार करतो. बगळेमामी खरंच त्याच्या पाठीवर असते, तेवढं माझं बरोबर निघालं. तांडा एका रांगेत उभा असतो. गुंड्या पहिल्या गाढवाला हुंगतो, नाही. दुसऱ्याला, नाही. असा हुंगत हुंगत रांगेच्या मध्यापर्यंत येतो. तिथं दोन गाढवांच्या मध्ये एक जागा रिकामी असते. एका गाढवापुरती. सगळ्यात म्हातारी गाढवीण त्याला सांगते, तुझी आई त्या पहिल्याच वादळात गेली. तांडा पुढं निघाला होता, ती तुला शोधायला मागं फिरली. तेव्हापासून आम्ही चालताना तिची जागा सोडून चालतो.

गुंड्या त्या रिकाम्या जागेत जाऊन उभा राहतो. इकडं तिकडं बघतो. आणि तांडा चालायला लागतो.

संपला.

माय, मला काय झालं सांगू? मी तोंडावर ओढणी दाबली तरी आवाज बाहेर आला. तू गेलीस त्या दिवशी मी रडले नव्हते. माणसं यायची होती, भिक्खूंना निरोप द्यायचा होता, स्वयंपाकाचं बघायचं होतं. रविवारी रडले, पाच महिन्यांचं सगळं एकदम. गुंड्या चार पिच्चर जिला शोधत हिंडला ती पहिल्याच पिच्चरमध्ये गेलेली होती! आणि मी तुला सांगितलं, भेटते, लाथ मारते, मासे खायला घालते. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला मी खोटं सांगितलं, आणि तू ते खरं मानून गेलीस. मला एवढंच दिसत होतं.

आणि त्यात आयान खुर्चीवर उभा राहून ओरडतोय, "लाथ कुठंय? ताई, लाथ राह्यली!"

पोरं उठायला तयार होईनात. पडद्यावर नावं सरकून गेली, दिवे लागले, झाडूवाले काका आत आले. ते म्हणाले, चला बाळांनो, संपला. तर आयान त्यांना म्हणतो, "काका, थांबा जरा. लाथ बाकी हाय." ते बिचारे झाडू धरून पडद्याकडं बघत उभे राहिले.

शेवटी करुणानं सगळ्यांना बाहेर काढलं. माझ्यासकट. बाहेरच्या पायऱ्यांवर मला बसवलं, पाण्याची बाटली दिली, आणि माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला खरंच म्हाईत नव्हतं?"

"काय?"

"गुंड्याची माय नाय म्हणून. आम्हाला तं बाईंनी कवाच सांगितलं व्हतं."

मला वाटलं, पोरगी काहीतरी गोंधळ करतेय. म्हटलं, "अगं, बाईंनी तर तुम्हाला लाथेची गोष्ट सांगितली ना?"

"व्हय. ती पण सांगितली. मीच इचारलं व्हतं त्यांला, घंटा तं तुटून वाटंत पडली, मंग त्याची माय पुढं कशी गेली आसंल? तं त्या म्हणल्या, तू लई हुशार हायेस. म्हणल्या, पिच्चरवाल्यांचा शेवट त्यो ऱ्हाईल. अन् आपला शेवट आमच्या प्रज्ञानं बनवलाय, लाथेचा. दोन्ही ध्यानात ठिवा."

"मग आयान लाथ लाथ करून ओरडत का होता?"

"आयान बारका हाय. त्याला दोन ध्यानात ऱ्हात नाय."

मग ती हळूच म्हणाली, "अन् ताई, बाईंनी त्या दिशी उरलेली उद्या नाय केलं. एकाच दिशी समदी सांगितली. पयल्यांदाच."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं तुम्ही कुणी?"

"त्या म्हणल्या, प्रज्ञाला आत्ता सांगू नका. ती आजून च्या करायलीय."

हे वाक्य त्या पोरीच्या तोंडून ऐकलं, माय, आणि मी पायरीवर डोकं टेकलं.

म्हणजे तुला सगळं माहीत होतं! तिसऱ्या भागातच कळलं होतं. बसमध्ये तुला मळमळत नव्हतं, तू ती तुटलेली घंटा बघून आली होतीस. मग मला का विचारलंस, भेटती का गं त्याला त्याची माय? मी काय सांगते ते बघायला? मी तयार झालेय का, ते चाचपायला? आणि मी मासे तळत बसले! तू पोट धरून हसलीस ते गुंड्यावर का माझ्यावर? मला राग आलाय तुझा, खरंच आलाय. दहा वर्षांच्या पोरीला सांगितलंस आणि मला नाही. पण माझं मला माहीत आहे. करुणानं प्रश्न विचारला होता. मी कधी विचारलाच नव्हता.

आता एकच गोष्ट राहिली, ती सांगते.

पोरांना घरोघरी सोडून क्रूझर परत फिरवणार होते, तर शांतामावशी त्यांच्या दारात बसलेल्या दिसल्या. तुझ्या अंगणवाडीच्या मदतनीस. इतकी वर्षं तू गोष्ट सांगितलीस आणि त्यांनी खिचडी ढवळली. दम्यानं पार बेजार झाल्यात. मी पाया पडले, तर म्हणाल्या, "ये पोरी. आता माझंबी काय खरं नाय."

माझी जीभ तयारच होती. असं काय बोलता मावशी, ठणठणीत आहात, अजून नातवाचं लग्न बघायचंय. सगळं ओठांपर्यंत आलं. ते गिळलं. क्रूझरवाल्याला हात केला, जा म्हटलं, आणि त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले. म्हटलं, "काय वाटतं मावशी? सांगा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुणी दुसरीच आहे. मग तासभर बोलल्या. पोरानं शेळ्या विकू नयेत म्हणून बोलल्या. दम लागला की छातीत कसं होतं ते बोलल्या. कुणीतरी जवळ असावं म्हणाल्या. मी नुसती ऐकत होते. अवघड होतं, खोटं कशाला बोलू? दोनदा उठावंसं वाटलं.

आणि मग त्या म्हणाल्या, "तुझी माय माझ्यापाशी दोन निरोप ठिवून गेली. तू बसशील तवा सांग म्हणली व्हती. तू बसलीच नव्हती."

पहिला निरोप ऐकून मी हसले की रडले, मलाच कळलं नाही. "त्यो कपाटातला मोठा फोटू भिताडावर लावू नका. त्यात माझे डोळे मिटल्यात." माय! तोच लावलाय गं! पुण्यानुमोदनाला हार घालून तोच ठेवला होता, आणि आजही समोरच्या भिंतीवर तोच आहे. पाच महिने मी रोज त्याला नमस्कार करून कामावर जातेय. एवढंसं तर सांगायचं होतं तुला. एवढंसंही मी सांगू दिलं नाही.

मग दुसरा निरोप. "प्रज्ञाला म्हणावं, मला भ्या वाटलं नाय. तिलाच लई वाटायलं व्हतं."

खरं आहे, माय. मलाच वाटत होतं. आणि मी तुझ्या नावावर खपवत होते.

तर आता शब्द देते. यापुढं माझ्या समोर कुणी "माझ्यामागं" म्हणून बोलायला लागलं, तर मी उठणार नाही. त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत बसेन. मला भीती वाटली तर भीती वाटते म्हणेन, पण बसेन. पुढच्या रविवारी मावशीकडं जातेय, आणि त्याच्या पुढच्याही. फोटो मात्र आज संध्याकाळीच बदलते. मोबाईलमधल्या फोटोंतला एखादा निवडते, ज्यात तू माझ्यावर ओरडतेयस आणि तुझे डोळे चांगले टकटकीत उघडे आहेत.

तुझी थापाडी लेक,
प्रज्ञा